बद्द वाजलेला रुपाया

लग्नानंतरच्या माझ्या पहिल्या लक्ष्मीपूजनाला सासूबाईंनी माझ्या माहेरचा रुपाया उंबऱ्याच्या दगडावर टाकला आणि तो बद्द वाजला. झालं ते एवढंच. पण त्या एका आवाजानं माझं पुढलं अख्खं वर्ष नासवलं.

कराडपासून थोडं आत, उसाच्या पट्ट्यात आमचं सासर. सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं तेव्हाची ही गोष्ट. त्या घरात एक रीत होती. सून येताना तिच्या आईनं ओटीत नारळ, खण, तांदूळ घालायचे आणि त्यांच्याबरोबर चांदीचा एक जुना रुपाया. राणीछाप असला तर फारच चांगलं. चांगला मोठा, जड, तळहातावर ठेवला की गार लागणारा. रुपाया म्हणायचा सुनेचा, पण राहायचा सासूच्या ताब्यात. दिवाळीला सगळे रुपये लक्ष्मीच्या ताटात ओळीनं मांडायचे. मांडण्याआधी सासूबाई एकेक रुपाया दगडावर टाकून वाजवायच्या आणि मग मोरीत नेऊन चिंच आणि राख लावून असा घासायच्या की बघणाऱ्याचे डोळे दिपावेत. आधी वाजवायचा, मग घासायचा. यात कधी फरक नाही.

सासूबाईंचा कान म्हणजे काय सांगू! चुलीपुढं बसून त्या सांगायच्या की गोठ्यात कुठली म्हैस उठली. दुधाची किटली हातात न घेता, नुसती टेकवल्याचा आवाज ऐकून म्हणायच्या, "आज दूध कमी हाय गं, वासराला सोडलं का काय?" गावातल्या बायका मडकं विकत घेताना त्यांना बरोबर न्यायच्या, वाजवून बघायला. डोळ्यांनी बघून काही ठरवायचं ही गोष्टच त्यांना पटत नसे. दिसतं ते फसवतं, वाजतं ते फसवत नाही, असं त्यांचं ठाम मत.

तर त्या संध्याकाळी शेजारपाजारच्या बायका रांगोळी बघायला जमलेल्या. सासूबाईंनी स्वतःचा रुपाया टाकला. खण्ण! थोरल्या जाऊबाईंचा टाकला. खण्ण! मग माझा. ओलं फडकं जमिनीवर पडावं तसा आवाज आला. त्यांनी उचलून परत टाकला. तेच.

"ह्यो खोटा हाय," सासूबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, की तोंड वाकडं केलं नाही. त्याचाच मला जास्त राग आला. "लक्ष्मीच्या ताटात खोटं नाणं मी ठिवायची न्हाई."

आता नवी सून, पहिली दिवाळी, चारचौघी जमलेल्या. शहाणी असते तर गप बसले असते. पण आमच्या माहेरच्या गल्लीत मला मिरची म्हणायचे, ते काही उगीच नाही. मी म्हणाले, "आत्याबाई, माझी आई खोटं नाणं दील व्हय?"

"मी कुठं तुज्या आयचं नाव घेतलं?" त्या म्हणाल्या. "नाणंच बोललं की आपल्या तोंडानं."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. ताटात दोन रुपये मांडले गेले, तिसऱ्याच्या जागी सुपारी ठेवली. आणि माझा रुपाया कुठं गेला म्हणाल, तर फडताळावरच्या खिळ्यांच्या डब्यात! गंजके खिळे, तुटकी बिजागरं, सायकलचा एक नट आणि माझ्या आईनं माझ्या ओटीत घातलेला रुपाया. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवशी मी करंजीला तोंड लावलं नाही.

पुढं मग ते घरात रुळलंच. दूध नासलं, की "माहेरच्या रुपायासारखं झालं". बॅटरीचा सेल लवकर संपला, की "माहेरचा रुपाया निघाला गं ह्यो". जाऊबाईसुद्धा, एरवी जीव लावणारी बाई, पण तिलाही तेवढं बोलल्याशिवाय राहवत नसे. आमचे हे पलटणीत, तिकडं लांब. रजेवर आले तेव्हा मी रडून सगळं सांगितलं, तर म्हणतात कसे, "अगं, एका रुपायाचं काय घिऊन बसलीयास!" म्हटलं, या माणसाला काही सांगण्यात अर्थ नाही.

खरी टोचणी निराळीच होती. संक्रांतीला आई मला भेटायला आली. सांगलीच्या बाजूला, कृष्णेकाठी माझं माहेर. तिळगूळ, बांगड्या, वाणाचं सगळं घेऊन दोन एसट्या बदलून ती आली होती. सासूबाईंनी तिला पाट दिला, पाणी दिलं आणि सरळ विचारलं, "ईनबाई, रुपाया कुठनं घेतला हुता? बद्द वाजतोय त्यो."

मला वाटलं, आई आता उसळेल. मिरची मी कुणाची लेक होते! पण आईचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं मान खाली घातली, हात जोडले आणि म्हणाली, "चुकलं आसंल माझं. पोरीला नका बोलू." तिनं चहाही घेतला नाही. आल्या पावली निघून गेली आणि नंतर कितीतरी महिने आमच्या घरी आली नाही.

खरा होता तर ती बोलली का नाही? आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मनात आलं, माझ्या आईनं खरंच मला खोटं नाणं दिलं असेल का? मला सासूचा राग येत होता, जावेचा येत होता, पण त्या एका शंकेनं मला जेवढं पोखरलं तेवढं कुठल्या टोमण्यानं नाही.

मी सासूबाईंना म्हटलं, कराडात सराफाला दाखवू या. "बद्द रुपाया घिऊन कराडात जायाचं? घराण्याचं हसं करायचं हाय व्हय?" विषय संपला. सुनेनं एकटीनं सराफाची पायरी चढायची, असं काही आमच्यात नव्हतंच.

मग मी आपली आपण शिकायला लागले. दुपारी सासूबाई कलंडल्या, की खिळ्यांचा डबा काढायचा. त्यांचा आणि जाऊबाईंचा रुपाया देवघरातल्या डबीत असायचा, तेही दोन्ही काढायचे. परसात पेरूखाली बसून तीन रुपये मांडीवर घ्यायचे आणि बघत राहायचं. आधी मला तिन्ही सारखेच दिसायचे. ते दोन पांढरेशुभ्र, माझा काळपट, एवढाच फरक. पण बघता बघता डोळा बसला. माझ्या रुपायावर राणीच्या केसांची बट न् बट दिसत होती. मुकुटावरची नक्षी, गळ्यातली माळ, पदरावरची फुलं, सगळं जागच्या जागी. कडेला बोट फिरवलं, की बारीक दातऱ्या बोटाला लागायच्या. सासूबाईंच्या रुपायावरची राणी मात्र गुळगुळीत! गाल सपाट, केस म्हणजे नुसती टोपी घातल्यासारखे, नाक तर जवळजवळ नाहीच. कडा साबणाच्या वडीसारख्या.

मी विचार करायची, खोटं करणारा माणूस एवढी नक्षी काढत बसेल? आणि काढली तरी कडेच्या दातऱ्या? मला तो खोटा वाटेना. एकच गोष्ट खटकायची. राणीच्या मुकुटाच्या वर, अगदी काठाशी, ज्वारीच्या दाण्याएवढी एक जागा होती. तिथं ना नक्षी, ना दातऱ्या. इतर काळं जरा निळसर होतं, तिथलं काळं मात्र तव्याच्या काजळीसारखं. नख लावलं तर किंचित मऊ लागायचं. मी म्हणायची, कुठंतरी आपटून झिजला असेल. आणि डबा परत जागेवर ठेवायची.

मग मला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी. न्यायला आईनं यायचं, पण तिनं भावाला पाठवलं. माहेरी गेल्यावर पहिल्याच दिवशी मी तिला धरलं. "आये, रुपाया खोटा हुता का?"

"न्हाई गं बाई."

"मग बद्द का वाजतोय?"

ती उठली आणि शेणाची पाटी घेऊन गोठ्यात गेली. जेव्हा जेव्हा विचारलं, तेव्हा तेव्हा तिला काहीतरी काम आठवायचं. मी चिडायची, भांडायची, रुसून बसायची. ती माझ्या डोक्याला तेल लावायची आणि तोंडाला कुलूप घालून बसायची.

मुलगी झाली. गोरीपान, जावळ एवढं की विचारू नका. बारसं सव्वा महिन्यानं सासरी करायचं ठरलं होतं. त्याआधी सासूबाई स्वतः मला न्यायला आल्या. नातीला मांडीवर घेऊन त्यांनी असे काही लाड केले की मला वाटलं, सगळं विसरल्या. कुठलं काय! चहा झाला, आणि त्यांनी कनवटीला हात घातला. माझा काळा रुपाया काढून आईच्या पुढ्यात ठेवला.

"ईनबाई, ह्यो तुमचा तुमास्नी. पोरीचं बारसं हाय, समदी भावकी येनार. बदलून चांगला द्या आन् मगच बारशाला या. न्हाईतर येऊ नगासा. बायका तुमच्या तोंडावर बोलतील, आन् ते मला बगवायचं न्हाई."

माझ्या लेकीच्या बारशाला माझी आई नाही! पाळण्याची दोरी कोण ओढणार, नातीला मांडीवर कोण घेणार! आणि आई काय करत होती? ती खाली वाकून पायातली जोडवी काढत होती. चांदीची, तिच्या लग्नातली. "ही मोडते आन् दुसरा रुपाया घेते," ती पुटपुटली.

मग मात्र माझी तार सटकली. "जोडवी घाल आदी!" मी अशी ओरडले की बाळ दचकून रडायला लागलं. "घाल म्हनते न्हवं! आत्याबाई, तुमचा रुपाया हाय का कनवटीला?"

"हाय की. मी त्याच्याबिगर गाव सोडत न्हाई."

"मग उद्या एसटी सांगलीवरनंच जातीया. सराफाकडं जाऊ. दोन्ही रुपये त्याच्या म्होरं ठिवू. माजा खोटा निघाला, तर माजी आई बारशाला यायची न्हाई आन् मी जल्मात माहेरचं नाव काढायची न्हाई. खरा निघाला, तर तुमी सांगायचं भावकीला. तुमच्या तोंडानं."

"व्हय, सांगीन की! मी काय भिते?" सासूबाई म्हणाल्या. आई तेवढी म्हणत राहिली, "नगं गं बाई, नगं. जाऊ दे." मला वाटलं, झालं, संपलं. खोटाच आहे तो. तरीसुद्धा माघार घ्यायची नाही म्हणून मी दात ओठ खात कपड्यांचं बोचकं बांधलं.

दुसऱ्या दिवशी सांगलीच्या सराफ कट्ट्यावर आम्ही चौघी. बाळ माझ्या खांद्यावर, आई मागं, सासूबाई पुढं. दुकानात पांढरी गादी, काचेच्या पेटीत पितळी तराजू, भिंतीला देवाचा फोटो. सराफ म्हणजे टोपी घातलेले, पोट सुटलेले, स्वतःच्या आवाजावर खूश असलेले गृहस्थ. आम्ही काही विकत घ्यायला आलो नाही हे कळल्यावर त्यांनी सुस्कारा टाकला, पण बाळाकडं बघून हात पुढं केला. मी माझा रुपाया दिला.

त्यांनी तो समोरच्या दगडावर टाकला. बद्द.

"ऐका!" सासूबाई दोन्ही हात पसरून म्हणाल्या. सगळ्या दुकानाला सांगितलं. "ऐका! मी वरीसभर सांगतीया!"

माझी आई दुकानाच्या खांबाला धरून उभी होती. तिनं डोळे मिटून घेतले.

सराफांनी मात्र रुपाया बाजूला सारला नाही. कसोटीवर कड जराशी ओढली, रेघेकडं बघितलं, भिंग डोळ्याला लावलं. "चमत्कारिक आहे," ते म्हणाले. "चांदी अस्सल. ठसा अस्सल. नाणं असं राखलंय की क्वचित बघायला मिळतं. आणि आवाज असा का?"

काय सांगू, चांदी अस्सल हे शब्द ऐकले आणि माझ्या अंगात बळ आलं. परसातल्या पेरूखालच्या सगळ्या दुपारी आठवल्या. मी गादीवर गुडघा टेकवून पुढं झाले. "आवं, हितं बगा. मुकुटाच्या वर, काठाला. हितलं काळं निराळं हाय. हितं दातऱ्या न्हाईत. आन् नख लावलं तर मऊ लागतंय."

सराफांनी भिंगातून बघितलं. परत बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. "बाई, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"खिळ्याच्या डब्यानं," मी म्हणाले.

त्यांनी एक टोकदार पोलादी टोचा घेतला, रुपाया लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवला आणि त्या जागेवर हातोडीनं अलगद ठोकलं. टुपकन एक करडा दाणा खाली पडला आणि रुपायातून पलीकडचा उजेड दिसायला लागला. भोक! चांगलं गोल, सुबक पाडलेलं भोक.

"कथील आहे," सराफ दाणा चिमटीत दाबत म्हणाले. "भोक बुजवलेलं होतं. मऊ धातू बसला, की नाणं गाणार कसं!" आणि त्यांनी रुपाया दगडावर टाकला.

खण्ण!

अगं बाई! वर्षभर मी त्या आवाजासाठी जीव टाकत होते. किंचित आखूड, पण स्वच्छ, खणखणीत. बाळानं सुद्धा मान वळवली. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला दुकानात फुगडी घालावीशी वाटली.

मागून हुंदका आला. आई खांबाला टेकून खाली बसली होती. वर्षभर अडवून धरलेलं तिच्या तोंडातून एकदम बाहेर पडलं.

"मीच बुजवून घेतलं त्ये. ही दीड वर्साची आसताना डांग्या खोकला झाला हुता हिला. खोकून खोकून निळी पडायची. समद्यांनी आशा सोडली. माज्या सासूनं सांगितलं, चांदीचा रुपाया गळ्यात बांध. माज्याकडं माज्या ओटीचा येवढा एकच हुता. त्येला सोनाराकडनं भोक पाडलं आन् काळ्या दोऱ्यात ववून हिच्या गळ्यात घातला. पोर वाचली. मग हिचं लगीन ठरलं. तुमच्यात ओटीत रुपाया लागतो म्हनून कळलं. दुसरा कुठनं आनू? आन् भोकाचा रुपाया ओटीत कसा घालू? पोरीच्या संसाराला भोक पडलं म्हनत्याल. दारात कल्हईवाला आलता, त्येच्याकडनं येवढं भोक बुजवून घेतलं, वरनं काजळी चोळली. आमच्यात रुपाया वाजवत न्हाईत वो. त्यो बद्द वाजंल, हे मला ठावंच न्हवतं."

मी माझ्या आईकडं बघत राहिले. वर्षभर मी हिच्यावर संशय घेतला, आणि हा रुपाया माझ्याच गळ्यात होता. मला तो आठवत नाही. दीड वर्षाच्या पोरीला काय आठवणार! पण त्या खोकल्यात आईनं तो कसा धरून ठेवला असेल, ते मला माझ्या खांद्यावरच्या बाळाच्या वजनावरून कळलं.

सासूबाईंनी घसा साफ केला. "मग संक्रांतीला मी इचारलं, तवा का न्हाई बोलला?"

"भोकाचा दिला म्हनून पोरीला बोल लागला आसता."

"आन् खोटा दिला म्हनून लागला त्यो?"

"त्यो माज्यावर हुता," आई म्हणाली. "पोरीवर न्हवता."

सासूबाईंनी कनवटीतून स्वतःचा रुपाया काढला आणि सराफापुढं टाकला. "ह्योबी बगा. एकीचं बगितलं, तर दुसरीचंबी बगाय पायजे."

सराफांनी भिंग लावलं आणि हसायलाच लागले. "बाई, राणीचं नाक कुठं गेलं?"

"दर दिवाळीला घासतो की! चिच-राख लावून. माज्या सासूच्या सासूपास्नं."

"म्हणूनच. जुनं नाणं घासायचं नसतं, हो. काळं पडतं तो मळ नव्हे. हौशी लोक जसंच्या तसं मागतात. तुमचा खरा आहे, आवाजही खरा आहे, पण रूप उरलं नाही. आणि रूपच काय, वजन तरी कुठं उरलंय?" त्यांनी काचेच्या पेटीतला तराजू पुढं घेतला. एका पारड्यात सासूबाईंचा लखलखीत रुपाया, दुसऱ्यात माझा काळा, भोकाचा. काटा जरा डोलला, आणि माझं पारडं हळूच खाली गेलं. खाली गेलं आणि तिथंच बसलं!

"भोक पाडूनसुद्धा हाच जड," सराफ म्हणाले. "भोकामुळं हौशी माणूस याला कमी किंमत देईल, ते खरं. पण चांदी म्हणाल, तर याचीच जास्त. तुमची गेली मोरीत वाहून."

मी आनंदानं एवढी फुगले होते की मला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबला, तरी आवाज आलाच. सासूबाईंनी माझ्याकडं डोळे वटारून बघितलं. मग त्यांच्या ओठांचा कोपरा हलला.

"मोरीचं पानी आळवाला जातंय," त्या सराफाला म्हणाल्या. "आळवाची वडी आमीच खातो. म्हंजे चांदी घरातच हाय, भाईर कुठं गेली न्हाई." सराफ टोपी काढून हसले. आईसुद्धा डोळे पुसता पुसता हसली.

मी त्या रुपायाकडं हात केला, तर सासूबाईंनी तो आधीच उचलला होता. बाहेर एक बाई फुटपाथवर करगोटे, काळे दोरे, गोंडे घेऊन बसली होती. तिच्याकडनं त्यांनी चांगला पिळाचा काळा दोरा घेतला, भोकातून ओवला आणि तिथंच रस्त्यात उभं राहून माझ्या लेकीच्या गळ्यात बांधला. गाठ मारताना म्हणाल्या, "बुजवायचंच कशाला हुतं भोक! चांगलं कामाचं हाय." आणि एसटी स्टँडवर आईचा हात धरून त्यांनी सांगितलं, "बारशाला दोन दिस आदी या. कामाला मानूस पायजे."

आई आली. दोन दिवस आधीच आली.

बारशाच्या दिवशी अंगण माणसांनी भरलेलं. दिवाळीला पदर तोंडाला लावून हसलेल्या सगळ्या बायका झाडून हजर. पाळणा सजला, घुगऱ्या शिजल्या. आई पाळण्याजवळ बसलेली, पण अंग चोरून, भिंतीला चिकटून. आणि बाळाला पाळण्यात घालायच्या ऐन वेळी सासूबाई म्हणाल्या, "थांबा जरा."

त्यांनी बाळाच्या गळ्यातला दोरा सोडला, रुपाया काढून घेतला आणि उंबऱ्याच्या त्याच दगडापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"ह्यो माज्या सुनेच्या माहेरचा रुपाया," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "दिवाळीला मी ह्येला खोटा म्हनलं. तुमी समद्यांनी ऐकलंय. आता ह्येबी ऐका."

रुपाया दगडावर पडला. खण्ण! अंगणभर घुमला तो. पाळण्यावरच्या पाखरांचे गोंडे हलल्यासारखे वाटले मला. जाऊबाई "अगं बया!" म्हणून टाळ्या वाजवायला लागली. मी ताठ मानेनं एकेका बाईच्या तोंडाकडं बघून घेतलं. एकीला सोडलं नाही.

सासूबाई वाकून रुपाया उचलायला लागल्या, आणि तेवढ्यात भिंतीला चिकटलेली माझी आई, त्या घरात आजवर ज्या बाईनं मान वर केली नव्हती ती, पदर सावरून उठून उभी राहिली.

"ईनबाई," ती म्हणाली, "पुन्यांदा वाजवा की."